पाहणाऱ्याचे ऋण

परवान्याच्या अर्जावर नाव, गाव, वय, मुक्कामाचे दिवस असे रकाने होते आणि सर्वांत शेवटी एक रकाना होता : प्रयोजन. तिथे मी ‘भ्रमण’ असे लिहिले. लिहिताना थांबून विचार करावा असे काही वाटले नाही. हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात चार दिवस पायी हिंडावे, योग असेल तर एखादा दुर्मिळ पक्षी दृष्टीस पडावा आणि परत फिरावे, एवढाच माझा बेत होता. वाट दाखवायला आणि सामान वाहायला तीर्थन खोऱ्यातल्या एका गावचे पन्नाशीचे गृहस्थ बरोबर होते. उद्यानाच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने माझा कागद पाहिला, माझ्यासोबत हे गृहस्थ आहेत अशी नोंद केली आणि आम्ही दोघे आत गेलो.

नदीच्या काठाने चढण लागल्यावर त्यांनी बोलता बोलता सांगितले, की लहानपणी ते याच वाटेने आपल्या काकांबरोबर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जात असत. त्या कुरणांना तिकडे ‘थाच’ म्हणतात. ‘आता जाता का कधी?’ असे मी विचारले. ‘आता असा जातो, बाबूजी,’ असे म्हणून त्यांनी पाठीवरच्या माझ्या पिशवीकडे अंगठा केला. स्वरात तक्रार नव्हती. पावसाविषयी किंवा वाटेविषयी बोलावे तसे ते बोलले होते. पुढे एका झऱ्यापाशी पाणी पिताना त्यांनीच मला विचारले, ‘आपण इथून काय घेऊन जाणार?’ मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, ‘काही नाही. नुसता पाहायला आलो आहे.’ त्यावर ते हसले. ‘नुसते पाहायला एवढ्या लांबून?’

हे दोन प्रश्न त्या चार दिवसांत माझ्याबरोबर चालत राहिले. त्या अरण्यात ते माझ्यासोबत असताना येऊ शकत होते. स्वतःच्या कामासाठी, म्हणजे मेंढ्या चारायला किंवा मुळ्या खणायला, येऊ शकत नव्हते. ज्याला अरण्याची गरज नाही त्याला तिथे प्रवेश आहे आणि ज्याला गरज आहे त्याला नाही, ही व्यवस्था न्याय्य आहे काय? आणि ‘नुसते पाहणे’ ही गोष्ट आपण समजतो तितकी निर्दोष आहे काय?

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी ते स्थळ समजून घेतले पाहिजे. सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या दऱ्यांपासून सहा हजार मीटरपलीकडच्या हिमशिखरांपर्यंत हे उद्यान पसरलेले आहे. तीर्थन, सैंज, जीवा आणि पार्वती या प्रवाहांची खोरी त्यात येतात. खाली देवदार आणि बान वृक्षांची रानेे, मध्ये रिंगाळ बांबूची दाट झुडपे, वर खर्शू, भूर्ज आणि बुरांश, आणि त्याही वर वृक्षरेषा संपल्यावर उघडी गवताळ पठारे. भरल, थार, कस्तुरीमृग, तपकिरी अस्वल, हिमबिबट्या, मोनाल ही सारी इथली प्रजा. उद्यान करण्याचा मनोदय सरकारने 1984 साली जाहीर केला आणि अंतिम अधिसूचना 1999 साली निघाली. उद्यानाचे क्षेत्र 754.4 चौरस किलोमीटर आहे. त्याला लागून सैंज अभयारण्याचे 90 आणि तीर्थन अभयारण्याचे 61 चौरस किलोमीटर जोडून होणाऱ्या संपूर्ण प्रदेशाला 2014 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या अरण्याच्या पश्चिम कडेने गावे आहेत. लाकडी तुळया आणि घडीव दगड यांचे एकाआड एक थर रचून, चुन्यामातीच्या जोडाशिवाय उभारलेली त्यांची काठ-कुणी घरे भूकंपाचे धक्के सोसत आली आहेत. खाली गोठा, वर धान्याचे कोठार आणि त्यावर माणसांचे राहणे, अशी त्यांची मांडणी. प्रत्येक गावाचा एक देव असतो. त्याचा रथ खांद्यावर निघतो, तो आपल्या ‘गूर’ म्हणवणाऱ्या माणसाच्या मुखाने बोलतो, आणि जमिनीपासून पावसापर्यंत सर्व बाबतींत त्याला कौल लावला जातो. शेती लहान, हिवाळा दीर्घ. त्यामुळे या घरांचा अर्धा संसार शतकानुशतके वरच्या रानावर अवलंबून होता. उन्हाळ्यात मेंढ्या थाचांवर जात. वसंतात बर्फ वितळताच गुच्छी नावाचे अळंबे वेचले जाई. पुढे कुटकी, पतीस, धूप यांच्या मुळ्या खणल्या जात. सौर भाद्रपदाच्या विसाव्या दिवशी उंचावरच्या वनस्पती पक्व होऊन त्यांचे गुण पाण्यात उतरतात, अशी श्रद्धा कुलूत आहे. त्या दिवशी लोक झऱ्यांवर पवित्र स्नान करतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी वनस्पतीला पिकायला अवधी द्यावा लागतो, हे ज्ञान तीत आहेच.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत आणि कुणाचे वैयक्तिक हक्क उरत नाहीत. अभयारण्यात मात्र काही हक्क चालू ठेवता येतात. शाक्टी आणि मरौड यांसारखी गावे अरण्याच्या अगदी आत असल्यामुळे, त्यांना उठवावे लागू नये म्हणून तेवढा भाग 1994 साली सैंज अभयारण्य या नावाने वेगळा काढण्यात आला. अंतिम अधिसूचनेच्या वेळी ज्यांचे हक्क एकोणिसाव्या शतकातील वननोंदींत लिहिलेले होते त्यांना मोबदला मिळाला. ज्यांचा व्यवहार नुसत्या वहिवाटीवर चालला होता, त्यांच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. त्यांच्यासाठी उद्यानाबाहेरच्या गावांत पर्यायी उद्योग उभे करण्याचे प्रयत्न झाले. स्त्रियांचे बचतगट निघाले, गांडूळखत तयार होऊ लागले, आणि पुरुष प्रवाशांचे वाटाडे झाले. माझे सोबती त्यांपैकीच एक.

आता उद्यानाच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्णपणे म्हटले पाहिजे. या रानात एक पक्षी राहतो. पक्षिशास्त्रात त्याला पश्चिमी ट्रॅगोपान म्हणतात; कुलूचे लोक त्याला ‘जुजुराणा’, म्हणजे पक्ष्यांचा राजा, म्हणतात. जगात त्याची संख्या अवघी काही हजारांच्या घरात असावी आणि त्यातला एक महत्त्वाचा समूह इथे आहे. अँथनी गॅस्टन, पीटर गार्सन प्रभृती अभ्यासकांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी या खोऱ्यांची पाहणी केली. हे उद्यान व्हावे यामागे त्या पाहणीचा मोठा वाटा होता. हा पक्षी लाजरा आहे, दाट झुडपांत राहतो आणि वसंतात विणीला लागतो. नेमक्या त्याच दिवसांत गुच्छी वेचणारे लोक, त्यांची मुले आणि त्यांचे कुत्रे त्या झुडपांतून फिरत. जुन्या काळी घरच्या पोटापुरते वेचले जाई. दूरच्या शहरांतून मागणी येऊन किलोला हजारो रुपये मिळू लागल्यावर वेचणाऱ्यांची संख्या वाढली, आणि मुळ्या पिकण्याआधीच खणल्या जाऊ लागल्या. परंपरा म्हटली की ती शहाणीच असते, असे मानण्याचे कारण नाही. बाजार दाराशी आला की परंपराही बदलते. शिवाय पक्ष्याला अर्ज करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोललेच पाहिजे, आणि ते बोलणे प्रसंगी कठोरही असले पाहिजे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. फाटक नसते तर कदाचित जुजुराणाही नसता.

परंतु ज्या वर्षी ही अंतिम अधिसूचना निघाली, त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जीवा नाल्याच्या खोऱ्यातील सुमारे दहा चौरस किलोमीटरचा भाग उद्यानातून वगळण्यात आला, कारण पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी तो हवा होता. या प्रकल्पाच्या 800 मेगावॉटच्या टप्प्यात पार्वतीचे पाणी बोगद्याने डोंगराखालून सैंज खोऱ्यात आणलेले आहे. वीज देशाला हवी आहे, हे खरे. तिचे दिवे तुमच्या-माझ्या घरांत लागतात. पण मेंढपाळाला जी रेषा ओलांडता आली नाही, ती बोगद्यासाठी सरकवता आली. त्याच सैंज खोऱ्याच्या आतल्या गावांत मात्र स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके वीज पोचली नव्हती. निसर्ग हे निरपवाद मूल्य आहे म्हणून मेंढपाळाला थांबवले असेल, तर बोगद्यालाही थांबवायला हवे होते. आणि निसर्गाची गरजांशी तडजोड होऊ शकते असे म्हणायचे असेल, तर मेंढपाळाच्या गरजेचाही विचार त्याच तराजूत व्हायला हवा होता. दोन्ही न करता दुबळ्यासाठी निरपवाद आणि बलवंतासाठी सापवाद असा नियम केला, तर त्यातील नैतिकता संपते आणि नुसते बळ उरते.

ज्ञानाच्या अधिकाराबाबतही थोडे नम्र व्हावे लागते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत 1982 साली म्हशींना बंदी घालण्यात आली. गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या बंदीच्या बाजूची होती. पुढे त्याच संस्थेच्या प्रदीर्घ अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की म्हशी गेल्यामुळे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पक्ष्यांचे नुकसानच झाले. आपला निष्कर्ष चुकला असे अभ्यासांती सांगणे ही शास्त्राची थोरवी होय. पण गोळीने मेलेल्यांना त्या थोरवीचा काही उपयोग नव्हता. पाणथळ आणि हिमालय यांची तुलना होऊ शकत नाही, आणि थाचांवर मेंढ्या परत न्याव्यात असे मी यावरून सुचवत नाही. इतकेच म्हणतो, की ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ समजून पाहायला जातो, त्यात माणसाचा आणि त्याच्या गुरांचा हात किती काळापासून मिसळलेला आहे हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कळत नाही. वृक्षरेषेवरची ती हिरवी पठारे पाहून मी थक्क झालो होतो. माझे सोबती मात्र तिथल्या एका वाढलेल्या रानगवताकडे पाहून म्हणाले, ‘आम्ही येत होतो तेव्हा हे इतके नव्हते.’ ते बरे झाले की वाईट, हे त्यांनी सांगितले नाही.

इथे पाहण्याचा प्रश्न येतो. सौंदर्याचा अनुभव हितसंबंधनिरपेक्ष असतो, असे कान्टने सांगितले, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (1974) मराठी वाचकाला हा विचार परिचित आहे. देवदाराकडे पाहताना त्याच्या लाकडाचा भाव ज्याच्या मनात येतो, तो देवदाराचे सौंदर्य पाहत नाही, असे या विचाराचे स्थूल रूप. कलाविचारात त्याचे मूल्य मोठे आहे. पण तोच विचार आपण नकळत नीतिविचारात आणतो. मी काही घेत नाही, मी नुसता पाहतो, म्हणून माझे नाते अधिक शुद्ध. आणि तो मुळी खणतो, म्हणून त्याचे नाते हीन, असे आपण गृहीत धरतो. अशा रीतीने निरपेक्षता हा पाहण्याच्या रीतीचा गुण न राहता पाहणाऱ्याचा अधिकार होऊन बसतो.

ही निरपेक्षता मला परवडते कशामुळे? माझे धान्य दुसऱ्या कुणाच्या शेतातून येते, माझी वीज दुसऱ्या कुणाच्या नदीतून येते, माझ्या औषधाच्या बाटलीतली कुटकी दुसऱ्या कुणीतरी खणलेली असते. माझ्या सर्व गरजा अन्यत्र भागल्या आहेत, म्हणूनच या एका ठिकाणी मी निरिच्छ होऊन उभा राहू शकतो. गुच्छीला भाव आला तो शहरातल्या ताटांमुळे. ती वेचणाऱ्याचे पाऊल पक्ष्याच्या घरट्यापाशी पडले, पण त्या पावलामागे माझी भूकही होती. पाहणारा आणि घेणारा अशी दोन माणसे आपण कल्पितो. प्रत्यक्षात बहुधा पाहणाराच दुरून घेत असतो आणि घेताना दिसतो तो दुसराच.

निर्बंध नकोत असा याचा अर्थ होत नाही. निर्बंधाविना कोणतेही रान टिकत नाही, हे आपल्या सह्याद्रीतही दिसते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना देवाच्या नावाने राखलेले तुकडे कसे तग धरून राहिले, हे दाखवून दिले. तिथेही बंदीच होती, आणि ती कडक होती. काडीदेखील उचलायची नाही, असा काही ठिकाणी दंडक होता. सैंज खोऱ्यातल्या शांघड गावी देवाचे एक विस्तीर्ण कुरण आहे, तिथेही असेच नियम पाळतात. देवराईची बंदी आणि उद्यानाची बंदी यांत फरक कोणता? पहिलीत नियम करणारा आणि सोसणारा एकच होता. सरपण नसताना ज्याने देवाच्या रानातली काटकी उचलली नाही, त्यानेच तो नियम मानलेला होता. दुसरीत नियम करणाऱ्याला काही सोडावे लागत नाही. त्याला उलट चार दिवसांचे भ्रमण मिळते.

इथे एक सावधगिरी हवी. देवरायांचे आणि देवतांचे जग समतेचे नव्हते. बाई कुठपर्यंत जाऊ शकते, कोणत्या जातीच्या माणसाने देवळाची पायरी चढायची नाही, हेही त्याच देवाच्या नावाने ठरत असे, आणि हिमालयातल्या खोऱ्यांत काय किंवा सह्याद्रीत काय, ते दंडक पुरते सुटलेले नाहीत. म्हणून ‘गावाचे गावाला परत द्या’ म्हणताना ‘गावातल्या कुणाला?’ हेही विचारावे लागते. 1886 च्या सुमारास हक्कांची नोंद करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे कोण उभा राहू शकला असेल आणि कोण नसेल, याची कल्पना करणे अवघड नाही. फाटके गावातही असतात. सरकारच्या फाटकापेक्षा ती जुनी असतात, एवढेच.

तेव्हा मला गावकऱ्याची पूजा बांधायची नाही आणि पक्ष्यालाही वाऱ्यावर सोडायचे नाही. माझा मुद्दा पाहणाऱ्याविषयी आहे. आपल्याकडे माणूस जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो, अशी कल्पना आहे. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण. या कल्पनेत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की ऋणको होण्यासाठी माणसाने स्वतः काही मागून घेतलेले असावे लागत नाही. आपल्या आधी कुणीतरी काही सोडले, राखले, सोसले, आणि त्याचा लाभ आपल्याला झाला, एवढ्यानेच ऋण उत्पन्न होते. राष्ट्रीय उद्यानात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण असा ऋणको असतो. त्याने भरलेले प्रवेशशुल्क हे त्या ऋणाची फेड नव्हे. ती फार तर व्याजातली एक पै. वाटाड्याला दिलेली मजुरी ही त्याच्या श्रमाची किंमत. त्याने गमावलेल्या वाटेची किंमत तीत धरलेली नसते.

हे ऋण मानले तर काय बदलते? पहिली गोष्ट, ज्याने सोडले त्याला विचारावे लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते तत्त्व निदान कागदावर तरी आणले आहे. राष्ट्रीय उद्यानातसुद्धा आधी हक्क मान्य करायचे, ते तिथे चालणे अशक्य आहे हे सिद्ध करायचे, आणि ग्रामसभेच्या संमतीनेच पुढचे पाऊल टाकायचे, असे त्यात म्हटले आहे. आधी फाटक आणि मग मोबदला, हा जुना क्रम त्याने उलटा केला. दुसरी गोष्ट, सोडण्याचा वाटा पाहणाऱ्यालाही उचलावा लागतो. ज्या रानासाठी मेंढपाळाने थाच सोडले, त्या रानासाठी मी माझ्या विजेतले, माझ्या ताटातले, अगदी माझ्या भ्रमणातलेही काही सोडायला तयार आहे काय? प्रत्येक खोऱ्याच्या टोकापर्यंत मोटार जावी, हा माझा हट्ट मी सोडीन काय? ‘नाही’ असे उत्तर येत असेल, तर निसर्गप्रेम हा शब्द मी जपून वापरायला हवा.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या सोबत्यांनी मला जुजुराण्याची गोष्ट सांगितली. देवाने सर्व पक्षी घडवल्यावर त्याला एक सर्वांत सुंदर पक्षी करावासा वाटला. त्याने प्रत्येक पक्ष्याकडून एकेक पीस मागून घेतले आणि त्या सगळ्यांतून हा राजा घडवला. म्हणून त्याच्या अंगावर इतके रंग. गोष्ट सांगून झाल्यावर ते बोटाने खूण करून गप्प झाले आणि समोरच्या रिंगाळाच्या झुडपाकडे पाहत राहिले. आम्ही बराच वेळ श्वास रोखून उभे होतो. पाने हलली, एक हाक आली, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखी. पक्षी दिसला नाही.

मला त्या वेळी निराशा वाटली, हे कबूल करतो. इतक्या लांबून येऊन तो दिसला नाही, म्हणजे काहीतरी मिळायचे राहिले असे वाटले, आणि ‘नुसता पाहायला आलो’ म्हणणारा मीही काही घ्यायलाच आलो होतो, हे तेव्हा लक्षात आले. त्यांना मात्र निराशा वाटलेली दिसली नाही. हाक ऐकू आली, म्हणजे तो आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. त्या राजाच्या अंगावरचे एक पीस त्यांच्या घरचे होते. माझे एकही नव्हते.

परतताना फाटकापाशी पहारेकऱ्याने माझी पिशवी उघडून कचरा परत आणला आहे ना, हे पाहिले. मग त्यांची पिशवीही उघडली, आणि ती जरा अधिक बारकाईने तपासली. तीत एक जुनी लोकरी पट्टू, थोडे सातू आणि माझ्याच औषधांची डबी होती. त्यांनी पिशवी पुन्हा बांधली, पाठीवर घेतली आणि ते वाटेला लागले. वहीत माझ्या नावासमोर चार दिवसांपूर्वीचा ‘भ्रमण’ हा शब्द तसाच होता. सही करताना तो मला पुन्हा वाचावा लागला.